नाग नदीचा गाळ हलवण्याआधी तपासा

प्रति,
नाग, पिवळी आणि पोहरा नद्यांच्या स्वच्छतेचे व पुनरुज्जीवनाचे काम पाहणारे सर्व अधिकारी आणि अभियंते, नागपूर.

विषय: नदीपात्रातून काढलेला गाळ हलवण्यापूर्वी तपासणे आणि पूरमैदानातील गाळाचा पुनरुज्जीवनाच्या आराखड्यात समावेश करणे, याबाबत.

महोदय, महोदया,

दरवर्षी उन्हाळ्यात शहरातील तिन्ही नद्यांची सफाई हाती घेतली जाते, पोकलेन पात्रात उतरतात, आणि पावसाळा तोंडावर आला की किती गाळ निघाला याचे आकडे वर्तमानपत्रांत येतात. हे काम आवश्यक आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा भरलेले पात्र म्हणजे काय हे ज्यांना कळायचे त्यांना कळले. माझा प्रश्न त्या गाळाच्या पुढच्या प्रवासाविषयी आहे. गाळ किती निघाला हे जाहीर होते. त्यात काय होते आणि तो नेमका कुठे जाऊन पडला, हेही त्याच आकड्याशेजारी छापले जावे एवढ्यासाठी हे पत्र आहे, आणि त्याची कारणे जरा विस्ताराने मांडण्याची परवानगी मी घेतो.

नाग नदी प्रदूषण निर्मूलनासाठी मंजूर झालेल्या सुमारे १,९२७ कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा मुख्य भर मलवाहिन्या, पंपिंग स्टेशन आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांवर आहे. सांडपाणी नदीत पडणे थांबल्याशिवाय पुढचे काहीच होऊ शकत नाही, त्यामुळे हा क्रम योग्यच आहे. परंतु नदीची घाण म्हणजे नदीच्या पाण्यातील घाण, असे गृहीत धरून चाललो तर काम अर्ध्यावर राहते. शिसे, जस्त, तांबे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे धातू नदीत आल्यावर बहुतांशी पाण्यात विरघळलेले राहतच नाहीत. चिकणमातीच्या कणांवरील ऋण विद्युतभार त्यांना ओढून घेतो, लोह आणि मँगेनीजच्या ऑक्साइडांचे पातळ थर त्यांना पकडतात, कुजलेला सेंद्रिय पदार्थ त्यांच्याशी बंध जोडतो. कण जितका बारीक तितके त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठफळ अधिक, म्हणून वाळूत धातू थोडे आणि चिकणमातीत पुष्कळ सापडतात. त्यात आपल्या शहराच्या पश्चिमेकडील बेसॉल्ट झिजून तयार झालेली काळी माती मॉन्टमोरिलोनाइट गटातील चिकणमातीने समृद्ध आहे, आणि धनभारित आयन धरून ठेवण्याची तिची क्षमता इतर बहुतेक मातींपेक्षा कितीतरी जास्त आहे. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघालेली नाग नदी हीच माती वाहून आणते आणि शहराचे सांडपाणी तिच्यात मिसळते. नमुन्याच्या बाटलीतील पाणी समाधानकारक निघूनही नदी दूषित असू शकते, ती अशी.

गाळात काळही साठलेला असतो. देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, पण त्याआधी रस्त्यांवर पडून पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यांत गेलेले शिसे कुजत नाही किंवा उडूनही जात नाही. पूर किंवा उपसा यांनी जो थर हलवलेला नाही, त्यात ते आजही असणार. पोकलेनचा दात जितका खोल जातो तितका तो शहराच्या जुन्या दशकांत जातो, आणि खालचा गाळ वरच्यापेक्षा स्वच्छच असेल असे धरून चालण्याला काही आधार नाही. (नायट्रेटची गोष्ट निराळी. ते ऋणभारित असल्याने चिकणमाती त्याला धरत नाही. ते पाण्याबरोबर सरळ भूजलाकडे उतरते. त्याचा विचार विहिरींच्या तपासणीत व्हावा, या पत्रात मी तो लांबवत नाही.)

पुराच्या वेळी हा साठा पसरतो. पात्रातून वेगाने धावणारे पाणी काठ ओलांडून पसरले की त्याची खोली आणि वेग दोन्ही एकदम घटतात. जड वाळू काठालगतच पडते, पोयटा थोडा पुढे जातो, आणि सर्वांत बारीक चिकणमाती जिथे पाणी तासन् तास तुंबून राहते अशा सखल जागी सावकाश बसते. खळ्यावर उपणताना दाणे पायाशी पडतात आणि भुसा वाऱ्यासोबत दूर जातो, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की इथे विष भुशात असते. त्यामुळे नदीच्या अगदी काठावरून उचललेला नमुना बऱ्याचदा खोटा दिलासा देतो. जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा अनुक्रमे २५ वर्षांतून आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द दाखवतात. पाणी कुठवर येईल हे त्यांवरून कळते, चिकणमाती कुठे बसेल हे कळत नाही. त्यासाठी उंचसखलपणाचा नकाशा आणि पाणी कुठे किती वेळ थांबले याची माहिती लागते, आणि २०२३ च्या पुरानंतर ती माहिती काठच्या प्रत्येक वस्तीतील लोक तोंडी सांगू शकतील. पुरानंतर घराघरांतून खरवडून काढलेला चिखल तपासणे आणि तो कुठे टाकावा हे रहिवाशांना सांगणे, ही यापुढे पूरमदतीचीच बाब मानली जावी, अशी माझी सूचना आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गाळाने धातू धरून ठेवले म्हणजे ते कायमचे बंद झाले, असे होत नाही. पारडीच्या पुढे नदीचा काठ जिथे ढासळून उभा कापला गेला आहे, अशा एखाद्या जागी थोडा वेळ थांबून पाहावे. वर बोटभर जाडीचा तपकिरी, भेगाळलेला थर. त्याखाली काळाकुट्ट, चिकट, कुजक्या अंड्याचा वास मारणारा चिखल आणि त्यात अडकलेल्या पन्न्या. मध्येच वाळूची वीतभर पट्टी. आणि सर्वांत खाली चुनखडीचे पांढरे खडे असलेली मूळची माती. काळ्या थरात गवताचे मूळ शिरले असेल तर त्याच्याभोवती गंजाच्या रंगाची बारीक नळी दिसते. मुळातून झिरपणाऱ्या प्राणवायूने तिथल्या तिथे लोहाचा ऑक्साइड झालेला असतो. नळीच्या आत एक रसायनशास्त्र आणि केसभर अंतरावर बाहेर दुसरे, हे डोळ्यांनी पाहता येते. विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत नेण्याआधी मी अशा काठावर नेत असे.

तो काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा असतो. पाण्याखाली बुडालेल्या चिखलातील प्राणवायू सूक्ष्मजीव थोड्याच काळात संपवतात, आणि मग श्वसनासाठी क्रमाने नायट्रेट, मँगेनीज, लोह आणि शेवटी सल्फेट वापरू लागतात. लोहाचा ऑक्साइड विरघळतो तेव्हा त्याला चिकटलेले आर्सेनिक आणि फॉस्फेट मोकळे होतात. सल्फेटपासून सल्फाइड तयार होते तेव्हा मात्र कॅडमियम, जस्त, तांबे आणि शिसे त्याच्याशी जखडले जाऊन जवळजवळ अविद्राव्य होतात. म्हणजे पाण्याखालचा काळा चिखल, दिसायला कितीही किळसवाणा असला, तरी निदान या धातूंना कोंडून ठेवत असतो. तोच चिखल उपसून उन्हात ढीग घातला की हवा आत शिरते, सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते, त्यातून आम्ल तयार होते आणि जखडलेले धातू सुटू लागतात. काळा ढीग आठवड्याभरात वरून तपकिरी पडतो तो याचमुळे. गाळ ‘वाळला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात एवढे सगळे घडून गेलेले असते. मे महिन्यात उपसलेला ढीग जूनमध्येही काठावरच पडून असेल, तर पहिल्या पावसाचे पाणी त्यातून झिरपत सुटलेले धातू घेऊन परत नदीत येते. उपसा झाला, आकडा छापला गेला, आणि प्रदूषक पूर्वीपेक्षा अधिक चालते-फिरते झाले, असा हा व्यवहार होतो.

आपल्या भागातील मातीत चुना मुबलक असल्याने बरेचसे आम्ल जागच्या जागी शमते, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) आठच्या आसपास राहिला तर शिसे आणि जस्त फारसे हलत नाहीत. परंतु हा दिलासा सर्वच प्रदूषकांना लागू नाही. आर्सेनिक, सेलेनियम आणि सहासंयुजी क्रोमियम हे अल्कधर्मी मातीतून उलट अधिक सहजपणे पुढे सरकतात, आणि यातील बहुतेक घटक दगडी कोळशाच्या राखेत कमी-अधिक प्रमाणात असतात. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटून राख शेतांत, कोलार नदीत आणि पुढे कन्हान नदीत गेली. कन्हान हा नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे, म्हणून तेव्हा सगळ्यांचे लक्ष पाण्याकडे गेले, आणि ते साहजिक होते. पाणी निवळते, पण शेताच्या चरांत, ओढ्यांच्या तोंडाशी आणि नदीच्या वळणांच्या आतल्या बाजूस बसलेली राख पुढच्या पुरांमध्ये थोडी थोडी उचलली जाते आणि तिथल्या मातीत मुरत राहते. नाग नदीबद्दल मी जे मागतो आहे ते कोलार आणि कन्हानच्या काठालाही लागू व्हावे.

पूरमैदानांवरचा पुष्कळसा अभ्यास युरोपातील, वर्षभर ओलसर राहणाऱ्या काठांवर झालेला आहे, आणि त्याचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे बसत नाहीत. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये हात आत जाईल एवढ्या भेगांनी फाटते. मृगाच्या पहिल्या जोरदार सरीचे पाणी मातीच्या कणाकणातून गाळत न जाता या भेगांतून थेट खाली उतरते, आणि चिकणमातीची जी पकड आपण वर पाहिली तिला काम करायला वेळच मिळत नाही. शिवाय वरचा भुगा भेगांत पडतो, माती फुगून भेग मिटते, आणि असे वर्षानुवर्षे होऊन पृष्ठभागावरचा थर खाली पुरला जातो. शेतीच्या माती परीक्षणासाठी वरच्या वीतभर थराचा नमुना पुरतो. काळ्या मातीच्या पूरमैदानावर प्रदूषण शोधायचे असेल तर तो पुरणार नाही. किमान मीटरभर खोलीपर्यंत थरानुसार नमुने घ्यावे लागतील.

हे करायला बाहेरून कोणाला बोलवायची गरज नाही. पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, म्हणजे नीरी, १९५८ पासून याच शहरात आहे, आणि देशभरच्या मातीचे सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय ब्युरोचे मुख्यालयही नागपुरातच आहे. ज्या शहरात गाळ आणि माती वाचणारे एवढे लोक एकत्र राहतात, त्या शहरातला गाळ न वाचता ट्रकमध्ये भरला जावा, हे मला पटत नाही.

शहराची हद्द संपली की नाग नदी संपत नाही. पिवळी नदीला घेऊन ती कुही तालुक्याच्या बाजूने कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत जाते, आणि तिथवर गोसीखुर्द धरणाचे पाणी पसरलेले आहे. वाहत्या नदीतला गाळ संथ पाण्यात आला की खाली बसतो, त्यामुळे आपल्या शहराच्या गाळातला बारीक भाग शेवटी त्या जलाशयाच्या तळाशी आणि काठच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, जातो. तळाचा प्राणवायू संपला की त्याच गाळातून फॉस्फेट वर येते आणि जलपर्णीला व शेवाळाला खाद्य मिळते. वरून येणारे सांडपाणी पूर्ण थांबल्यावरही हे काही वर्षे चालू राहू शकते. प्रकल्प पूर्ण होऊनही धरण हिरवेच दिसले, तर कारण इथे शोधावे लागेल.

वैनगंगेच्या खोऱ्यात धान पिकते, आणि धानाची बांधी ही या सगळ्या रसायनशास्त्राची दरवर्षी होणारी पुनरावृत्ती आहे. बांधीत पाणी उभे असते तोवर कॅडमियम सल्फाइडमध्ये अडकलेले असते आणि आर्सेनिक मोकळे असते. कापणीआधी पाणी काढले की कॅडमियम सुटते आणि आर्सेनिक पुन्हा लोहाशी बांधले जाते. एका विषावर उपाय म्हणून पाणी लवकर काढले तर दुसरे वाढते. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात कामिओका खाणीतून आलेले कॅडमियम नदीच्या पाण्याबरोबर भातशेतीत उतरले. ‘इताई-इताई’ या हाडांच्या वेदनादायी आजारामागे ते आहे, हे तेथील सरकारने १९६८ मध्ये मान्य केले, आणि दूषित शेतजमिनी दुरुस्त करण्याचे काम २०१२ पर्यंत चालले. नाग नदीत जिंझूइतके कॅडमियम आहे असा माझा दावा मुळीच नाही. तेथे खाण होती, आपल्याकडे मुख्यतः घरगुती सांडपाणी आहे. पण माती दुरुस्त करायला किती काळ लागतो, याचा अंदाज त्या तारखांवरून यावा. भाजीपाल्याबाबत एवढेच सांगतो की पालक आणि सांबारासारख्या (म्हणजे कोथिंबिरीसारख्या) पालेभाज्या डाळवर्गीय पिकांपेक्षा कॅडमियम अधिक शोषतात, आणि नदीकाठच्या मळ्यांत लावायला शेतकऱ्याला त्याच परवडतात, कारण त्या लवकर निघतात आणि रोज विकल्या जातात. त्याला दोष न देता त्याच्या मातीचा अहवाल त्याच्या हातात द्यायला हवा.

गाळ या शब्दाबद्दल आपल्याकडे असलेला विश्वास हीसुद्धा एक अडचण आहे. राज्य शासनाच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांचा गाळ शेतात गेला, आणि हलक्या जमिनींना त्याचा फायदा होतो यात वाद नाही. पण गावच्या तलावाचा गाळ आणि शहराच्या सांडपाण्याच्या नदीचा गाळ शेतकऱ्याच्या डोळ्यांना सारखाच काळा दिसतो. दुसऱ्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असल्याने सुरुवातीला पीकही हिरवेगार येते. धातूंचा परिणाम पिकाच्या रंगावर दिसत नाही, दिसला तर फार उशिरा. म्हणून नदीचा गाळ शेतासाठी किंवा प्लॉटच्या भरावासाठी कोणी मागितला, तर तपासणीचा अहवाल हातात नसताना तो देऊ नये. खणलेला गाळ फुकट नेणारा मिळाला म्हणजे वाहतुकीचा खर्च वाचतो, हे मला समजते. पण तो खर्च फक्त दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर जाऊन बसतो.

आपल्याकडून नेमके काय अपेक्षित आहे ते आता लिहितो. उपसा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे हिवाळ्यातच, तिन्ही नद्यांच्या प्रत्येक टप्प्यातून थरानुसार नमुने घ्यावेत. त्यातील बारीक कण वेगळे करून तपासावेत, कारण वाळूसह सरसकट तपासले की आकडा आपोआप कमी येतो. केवळ एकूण धातू मोजून थांबू नये. गाळ ओला असताना आणि हवेत वाळवल्यानंतर पाण्यात किती धातू सुटतात, ही दुहेरी चाचणी करावी. माझ्या दृष्टीने ही चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आपण गाळाचे प्रत्यक्षात जे करतो त्याची ती नक्कल आहे. उपसलेला ढीग निळ्या रेषेच्या आत राहू नये, आणि तात्पुरता ठेवायचाच असेल तर खाली अस्तर आणि निचऱ्याचे पाणी अडवण्याची सोय असावी. चाळून आणि धुऊन वेगळी केलेली वाळू बहुतांशी वापरता येते. खरी काळजी उरते ती बारीक गाळाची, आणि त्याचे घनमान मूळ उपशापेक्षा पुष्कळ कमी असते, त्यामुळे खर्चाचे जे भय वाटते ते या वेगळेपणाने बरेच आवाक्यात येते. प्रत्येक ट्रक कुठे रिकामा झाला, याची नोंद ठेवावी. जे काळे थर काठात स्थिर आहेत आणि पुराच्या वाटेत येत नाहीत, ते सुशोभीकरणासाठी विनाकारण उकरू नयेत. त्यांना गवत आणि झाडांच्या मुळांनी झाकून जागीच ठेवणे हा आळस नसून अनेकदा शहाणपणाचा मार्ग असतो. स्पेनमध्ये २५ एप्रिल १९९८ रोजी अझनालकोयार खाणीचा बांध फुटून ग्वादियामार नदीचे पूरमैदान विषारी गाळाखाली गेले, तेव्हा गाळ खरवडून काढल्यावरही उरलेल्या प्रदूषणामुळे त्या जमिनीवरची शेती थांबवून तिथे हरित पट्टा करण्यात आला. जमिनीचा उपयोग बदलणे हाही उपाय असतो, मात्र त्यात शेतकऱ्याला मोबदला आधी ठरावा लागतो.

केंद्र सरकारने २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले आहेत, आणि संशयित स्थळे ओळखण्याचे काम त्यांत स्थानिक व जिल्हा प्रशासनाकडेही आहे. नाग नदीच्या काठावर जिथे वर्षानुवर्षे गाळ टाकला गेला त्या जागांची यादी त्या दृष्टीने करावी. हे काम एकट्या शहराने करून भागणार नाही. कुही, मौदा आणि पलीकडे भंडारा जिल्ह्यातील यंत्रणेला सोबत घेऊन अंभोऱ्यापर्यंत नमुने घ्यावे लागतील, आणि त्यांचे निकाल ग्रामपंचायतींना मराठीत, समजेल अशा भाषेत मिळाले पाहिजेत.

येत्या हिवाळ्यात पहिले नमुने घेतले जाणार की नाही, आणि घेतले जाणार असतील तर कोणत्या टप्प्यांतून, एवढे आपण जाहीर करावे. या पत्राला व्यक्तिशः उत्तर नको. उपशाच्या जागी कामाचा जो फलक लावला जातो, त्यावर कंत्राटाच्या रकमेखाली गाळाचा तपासणी क्रमांक, दिनांक आणि टाकण्याचे ठिकाण अशा तीन ओळी लिहिल्या तरी पुरेसे आहे.

आपला,
भूशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
नागपूर